लाल दोरा कुणाच्या कमरेला

जवळ सरक जरा, आणि आधी तो फोन पालथा ठेव. कागदावरून जवळ कसं सरकायचं असं विचारशील, तर मनाने सरक, तेवढं तुला येतं. मला तुझ्यावर थोडं रागवायचंय. तिकडे पुण्यात मैत्रिणींना तू सांगितलंस म्हणे, की आमची आजी इतकी वेंधळी, तिने दोरे उलटे बांधले आणि एका शिकलेल्या मुलीचं वर्षभराचं काम पाण्यात घालवत होती. हसलात सगळ्या. हसा बापडे, मीही हसले. पण तू अर्धीच गोष्ट सांगितलीस गो. तुझ्या आईने फोनवर घाईत सांगितली आणि तू तशीच पुढे लोटलीस. आता पुरती ऐक, मग दोरा उलटा होता का सुलटा ते तू ठरव.

आपलं झऱ्याजवळचं खाचर तुला ठाऊक आहे. वरच्या खाचरांत तुझा बाप पाकिटातलं बियाणं लावतो, भरपूर पिकतं, माझी तक्रार नाही. पण हे एक खाचर मी कुणाला दिलं नाही. त्यात तांबडं होतं. त्या भाताला दुसरं नावच नाही. पोलादपूरच्या वर माझ्या माहेरच्या वाडीवर त्याला नुसतं तांबडं म्हणायचे, आणि लग्न होऊन आले तेव्हा माझ्या आईने ते पायलीभर बरोबर बांधून दिलं. तेव्हापासून दरवर्षी त्यातलंच राखायचं आणि तेच पेरायचं. तुझ्या जन्मानंतर तुझ्या आईला मी त्याचीच पेज दिली. पुढे तुलाही तीच भरवली, तू नको नको म्हणून रडायचीस आणि पोटात गेली की गप्प व्हायचीस.

थोडं बियाणं तुडीलला तुझ्या आत्याकडे ठेवलं होतं. पुराच्या वर्षी सावित्री नदी त्यांच्या घरात शिरली आणि कणगी भिजून सगळं कुजलं. माहेरच्या वाडीवर आता कोणी नांगर धरत नाही, घरांना कुलपं आहेत. म्हणजे माझ्या माहितीत ते भात राहिलं होतं या एका खाचरात, आणि कुठेच नाही. हे लक्षात ठेव, नाहीतर पुढे आजी एवढी का घाबरली ते तुला कळायचं नाही.

यंदा श्रावणात झऱ्याकडच्या कोपऱ्यातले काही चूड पिवळे पडले. शहरातल्या माणसाला सांगायचं म्हणून सांगते, लावणीत चिखलात एका जागी दोन-चार रोपं रोवतो आणि ती वाढून जो जुडगा होतो, त्याला चूड म्हणतात. तर ते चूड नुसते पिवळे नव्हते. पानं टोकाकडून नारिंगी होत आत आली होती, आणि वाढ खुंटलेली. शेजारचे चूड माझ्या मांडीला लागत होते, हे गुडघ्याला पोचत नव्हते. आठ दिवसांनी बघितलं तर आणखी चार तसेच.

तुझी मोठी आजी, म्हणजे माझी थोरली जाऊ, बांधावर उभी राहून म्हणाली, "तांबेरा हाय तो. ताक शिंपड."

ताक शिंपडलं. राख टाकली. तुझ्या बापाने युरिया आणून टाकला. वरच्या खाचरांचं भात त्याने आणखी हिरवं झालं, कोपरा होता तसाच पिवळा.

अशात ती मुलगी आली. तुझ्याएवढीच, फार तर दोन वर्षांनी मोठी. महाडला खोली घेऊन राहत होती आणि स्कूटरवरून वाड्या-वाड्या फिरून पिवळी पडलेली भातं शोधत होती. आपल्या वळणावर तिने स्कूटर लावली आणि सरळ चिखलात उतरली, चपला हातात घेऊन, तेव्हाच ती मला आवडली. तिचा अभ्यास भातावरच्या विषाणूंचा. नाचणीचीही पानं ती गोळा करत होती, पण आपल्याकडे तिला भातच दिसलं.

तिच्याजवळ फुलपाखरं धरायची असते तशी जाळी होती. ती भातावरून इकडून तिकडे फिरवायची, आणि जाळीत आले त्यातले हिरवे तुडतुडे एका नळीने तोंडाने ओढून बाटलीत घ्यायची. तुझी मोठी आजी हे बघत होती.

"काय गो, ही पोर किडे पिते काय?"

मुलगी हसली. नळी काढून दाखवली. "मध्ये जाळी आहे आजी, तोंडात येत नाहीत."

"आणि जाळी फाटली तर?"

"एकदा फाटली होती."

"मग?"

"मग काय, त्या दिवशी जेवले नाही."

तेव्हापासून तुझी मोठी आजी तिची झाली. घरात नेऊन तिला घावन खायला घातलं, वर विचारलं, "हे तरी खातेस ना, का याला पाय नाय म्हणून नको?"

खाता-खाता तिने आम्हाला समजावलं. हा तांबेरा नव्हे. तांबेरा बुरशीचा, हा विषाणूचा असावा. विषाणू चष्म्याने काय, साध्या सूक्ष्मदर्शकानेही दिसत नाही. तुडतुडा आजारी चुडाचा रस पितो, मग उडून चांगल्या चुडावर बसतो आणि तिथे सोंड खुपसली की रोग त्यात शिरला. मी म्हटलं, डासासारखं. ती म्हणाली, अगदी तसंच. पण डोळ्यांनी बघून नक्की सांगता येत नाही, कारण जमिनीत काही कमी असलं तरी भात पिवळं पडतं. पान तपासायला हवं. कोरोनात नाकात काडी घालून करायचे तीच तपासणी पानाची करतात, म्हणाली.

"भाताला नाक कुठून आणायचा?" तुझी मोठी आजी.

असो. तिला पानं हवी होती ती भात पोटरीत आल्यावरची, लोंबी पोटात धरल्यावरची, म्हणजे गणपतीच्या सुमाराची. आणि तेव्हा तिला दुसऱ्या तालुक्यात जायचं होतं. म्हणून तिने मला दोन रिळं दिली, एक लाल दोऱ्याचं, एक पांढऱ्याचं. दहा रोगी चूड आणि दहा निरोगी चूड निवडून त्यांना दोरे बांधायचे, प्रत्येकाची दोन पानं काढून पाकिटात घालायची आणि पाकिटावर लाल एक, लाल दोन, पांढरा एक, पांढरा दोन असं लिहायचं. नव्या बुटांच्या खोक्यात पुड्या असतात ना, तसल्या पुड्या पाकिटात टाकायला दिल्या, पानं कुजू नयेत म्हणून. मला लिहिता येतं कळल्यावर तिला केवढा आनंद झाला. तुझ्या बापाच्या पहिलीच्या पुस्तकातून मी अक्षरं शिकले, ते इथे कामी आलं.

आता लाल कुणाला आणि पांढरा कुणाला, हे ती बोलली होती. नक्की बोलली असणार. पण तेव्हा पावसाची सर आली, ती पाकिटं ओढणीखाली लपवायला लागली आणि मी हो हो म्हणत चुलीवरचं दूध उतू जातंय का बघायला आत गेले. माझ्या मनात प्रश्नच नव्हता. तूच सांग, लाल कुणाला बांधतात? तुझ्या बापाच्या कमरेला करगोटा होता तो लाल. वासरू झालं की त्याच्या गळ्यात लाल. आणि भात निसवलं, लोंबी बाहेर आली, की मी दरवर्षी काय करते? खाचरात फिरून भरदार, उभे, लांब लोंबीचे चूड निवडते आणि जुन्या लाल लुगड्याची चिंधी त्यांच्या कमरेला बांधते. तो चूड बियाण्याचा. त्याला कापणीच्या दिवशी कोणी विळा लावायचा नाही, तो मागून वेगळा कापायचा. लाल म्हणजे राखायचं. आणि आजाऱ्याला काय बांधतात? पांढरी पट्टी. दवाखान्यातही तेच बांधतात.

तर गौरी गेल्यावर मी सकाळी खाचरात उतरले. पिवळ्या चुडांना पांढरा दोरा बांधला, मनात म्हटलं, बरे व्हा बाबांनो. चांगल्यांना लाल. दहा झाले तरी रीळ उरलं होतं, आणि चिंधीपेक्षा तो दोरा किती छान, म्हणून निसवायला लागलेले बियाण्याचे आणखी तीसेक चूड त्यानेच बांधून टाकले. पानं पाकिटात घातली, ठळक अक्षरात लाल आणि पांढरा लिहिलं, तुझ्या आईने पोलादपूरला जाऊन ती एसटीच्या पार्सलात दिली. काम केल्याचं समाधान होतं मला. एखाद्या परीक्षेला बसल्यासारखं.

पितृपक्षात तिचा फोन आला. आवाजच वेगळा होता, घाबरलेला म्हणू का हरखलेला, दोन्ही.

"आजी, तुमच्या निरोगी रोपांत विषाणू निघालाय. जवळजवळ सगळ्यांत."

"आणि पिवळ्यांत?"

"पिवळ्यांत नाही. एकातही नाही."

मी अंगणातल्या पायरीवर बसले. ती सांगत होती, असं कुठे दिसत नाही, वरून हिरवी आणि आत रोग बाळगणारी रोपं, तिच्या कॉलेजातल्या सरांनाही नवल वाटलं, ते म्हणाले हे लिहून काढ. मी विचारलं, "बाय, त्या चुडांचं बियाणं राखलं तर?" ती थांबली. म्हणाली, एरवी हा रोग बियाण्यातून जात नाही, मी छातीठोक सांगितलं असतं. पण तुमच्या शेतात सगळंच वेगळं दिसतंय, आता मी शब्द देणार नाही. शिवाय त्यांचा दाणा भरेल असं वाटत नाही, पळींज होईल. आणि शेजारची गरवी, उशिरा पिकणारी भातं अजून हिरवी आहेत, तुडतुडे तिथे नेतील. ती रोपं उपटून चिखलात पुरलेली बरी.

तिच्यावर राग नाही हो माझा. तिच्यापुढे जे कागद होते त्यावरून तिने बरोबरच सांगितलं.

तीन दिवस मी खाचराकडे फिरकले नाही. तुझ्या मोठ्या आजीला सांगितलं तर म्हणाली, "वरून गुळगुळीत न् आतून किडका. तुझ्या व्याह्यासारखा."

"व्याह्याला मध्ये आणू नकोस."

"बरा, नाय आणत. पण उपट आता. पाकीट आण पुढल्या वर्षी. सगळ्यांनी आणला, आपण मेलो काय?"

ती चुकीचं नव्हती बोलत. पण तिला सांगू कसं, की माझ्याजवळ माझ्या आईचं दुसरं काहीच नाही. फोटो नाही, लुगडं नाही, भांडं होतं ते चोरीला गेलं. वर्षातून एकदा तिने निवडलं तसं निवडायचं, तिने बांधलं तसं बांधायचं, एवढंच. आणि आता ते मीच उपटायचं, आणि उपटलं नाही तर शेजाऱ्यांच्या तोंडचा घास जायचा. शेजाऱ्यांचं भात नासवून आपलं बियाणं राखलं, असं पाप मला झेपलं नसतं.

चौथ्या दिवशी सकाळी गेले. पहिला चूड दोन्ही हातांनी धरून ओढला. निरोगी मुळं किती घट्ट असतात तुला माहीत नाही, अख्खा चिखल वर आला. दुसरा उपटला. तिसरा उपटला. चौथ्याला हात घातला तेव्हा लोंबी मुठीत आली आणि बोटं चिकट झाली. बघितलं तर दूध. दाणा नखाने दाबला, आतून पांढरं दूध. दुसरा दाबला, तिसरा दाबला. एकही पोकळ नाही. मग चिखल तुडवत पिवळ्या चुडांकडे गेले, त्यांची जेमतेम बाहेर आलेली लोंबी दाबली. कोरडी. सालपट नुसतं.

मी बांधावर बसले. यंत्रात काय दिसतं ते मला कळत नाही, पण भरल्या दाण्यात आणि पोकळ दाण्यात मला फरक कळतो. ज्याच्या आत रोग नाही तो उपाशी, आणि ज्याच्या आत रोग आहे तो दुधाने भरलेला, हे कसं? तिथूनच तुझ्या आईला हाक मारली. म्हटलं, फोन घेऊन ये, या चुडाचा फोटो काढ, त्या पिवळ्याचाही काढ, माझी दुधाची बोटंही काढ, आणि पाठव तिला.

तुझी आई म्हणाली, "बोटांचा कशाला?"

"काढ म्हटलं ना."

फोटो गेले. आम्ही घरी पोचतो न पोचतो तोवर फोन वाजला. ती मुलगी हळू आवाजात, एकेक शब्द मोजत बोलत होती.

"आजी, या हिरव्या चुडाला लाल दोरा का आहे?"

"मग कसला असणार? बियाण्याचा चूड तो."

"लाल रोगी चुडांना बांधायचा होता ना?"

"रोग्याला लाल? अगो, रोग्याला कोण लाल बांधतं?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "लाल म्हणजे धोका असतो आजी. रस्त्यावर लाल दिवा असतो ना, थांबा म्हणून."

"आमच्या रस्त्यावर दिवाच नाही बाय."

आणि ती हसायला लागली. हसता-हसता मध्येच नाक ओढायला लागली, मला कळेना हसतेय का रडतेय. म्हणाली, पानं वाळल्यावर सगळी सारखीच दिसत होती, तिकडे प्रयोगशाळेत दुसऱ्या मुलीने ती तपासायला कुटली, तिने फक्त पाकिटावरचा रंग बघितला. माझ्या पाकिटांवर रोगी किंवा निरोगी हा शब्द कुठेच नव्हता, तिनेच तसं सांगितलं होतं. चूक माझी आहे आजी, म्हणाली, लाल म्हणजे तुमच्याकडे काय ते मी विचारायला हवं होतं. मी म्हटलं, चूक दुधाची, ते उतू जात होतं.

"उपटलीत का सगळी?" तिने भीत-भीत विचारलं.

"तीन."

"तीनच?"

"तीनच."

तेव्हा तिने जो श्वास सोडला तो मला इथवर ऐकू आला. मी फोन तुझ्या आईच्या हातात दिला, परत खाचरात गेले आणि ते तीन चूड होते त्याच खड्ड्यांत रोवून पायाने दाबले. त्यातला एक लागला, दोन सुकले.

पण पोर कामाची पक्की. म्हणाली, नुसत्या फोटोवर मी शब्द देणार नाही, परत तपासते. घटस्थापनेला स्वतः आली, स्वतःच्या हाताने दोन्हीकडची पानं काढली आणि पाकिटांवर पूर्ण शब्दांत लिहिलं, रोगी, निरोगी. सरांना सांगितलंस का, विचारलं. म्हणाली, सांगितलं. रागावले? नाही, म्हणाले, छापण्याआधी कळलं हे बरं झालं. तिला त्या मोठ्या शोधाचं थोडं वाईट वाटत होतं, मला दिसत होतं ते. मी तिच्या पानात आणखी एक घावन वाढलं.

निकाल येईपर्यंत लाल दोऱ्याचे चूड पिकले. ते वेगळे कापून, जुडी बांधून पडवीत आढ्याला टांगून ठेवले. झोडले नाहीत, कुणाला हात लावू दिला नाही. दिवाळीच्या तोंडावर फोन आला. तुझ्या आईने स्पीकर लावला. लाल दोऱ्याची सगळी पानं स्वच्छ. पांढऱ्या दोऱ्याच्या पानांत विषाणू. मी परत विचारलं, "आणि बियाण्यातून?" आता ती अडखळली नाही. "नाही जात आजी. हा बियाण्यातून जात नाही. पेरा बिनधास्त."

मी उठून आढ्याची जुडी खाली घेतली. तुझी मोठी आजीच फोनकडे तोंड करून म्हणाली, "आता जेव गो बाय पोटभर, जाळी फाटली नाय."

पांढऱ्या दोऱ्याचे चूड मी घटस्थापनेला तिने पानं काढल्यावर लगेच उपटून पुरले होते. आणि रोग आला कुठून तेही तिने शोधलं. उन्हाळ्यात झऱ्याच्या पाण्यावर भात केलं होतं, ते कापल्यावर खोडांना फुटलेले हिरवे कोंब मी म्हशीसाठी राखते. त्या कोंबांवर तुडतुडे आणि रोग दोघेही पावसाळ्यापर्यंत तग धरतात. म्हणून आता प्रत्येक कापणीनंतर, यंदाच्या या कापणीनंतरही, खोडांवर नांगर घालायचा. म्हैस रुसेल, तिला मी समजावीन.

जुडी मग अंगणात सुपावर हाताने चोळली. दाणा असा तांबूस, टणक, दाताखाली कट् वाजणारा. उन्हात घालून, गार करून मडक्यात भरला, कडुलिंबाचा पाला घातला, तोंड शेणामातीने लिंपलं. बाकीचं भात सडून ठेवलंय, हातसडीचंच, गिरणीत पाठवलं नाही.

आता सांग तुझ्या मैत्रिणींना, दोरा कुणाचा उलटा होता. आणि तू कधी येतेस ते कळव. सुट्टी मिळाली की बघते, असलं उत्तर मला नको. ती मुलगी पौषात येणार आहे, नांगर नीट घातला का बघायला, तेव्हाच ये, दोघी एकमेकींना भेटाल. मैत्रिणींनाही आण हवं तर, अंथरुणं आहेत. तांदूळ थोडेच आहेत आणि तुझ्या बापाला पेजेची चटक लागलीय, म्हणून लवकर ये.